जादा तास

४ ऑगस्ट १९५८, सोमवार

आज आईशी खोटं बोलले आणि ते इतकं झकास जमलं की दिवसभर स्वतःवरच खूश आहे. म्हटलं, कॉलेजात रोज साडेपाचपर्यंत जादा तास. "कसला?" म्हणाली. मी म्हटलं, उच्चारांचा. तसं पाहिलं तर हे खोटंही नाही!

खरं असं. आमच्या ट्रेनिंग कॉलेजला सरकारकडून एक ॲम्प्लिफायर, एक माइक आणि एक भला मोठा कर्णा आला होता. फवारणी, देवीची लस, पोरं शाळेत घाला — हे सगळं बाजाराला ओरडून सांगायला. तीन महिने यंत्र मोठ्या सरांच्या कपाटात. मोठे सर म्हणजे प्रिन्सिपल. शेवटी आमच्या वर्गातला चिमण — सायवनचा वारली पोरगा, बोलतो कमी, तारा जोडतो जास्त — सरळ आत गेला. "सर, गंजलं तर जबाबदार कोण?" दुसऱ्या दिवशी किल्ली हातात.

रोज पाच ते साडेपाच. कर्णा गच्चीवर, तोंड बाजाराकडे. यंत्र चिमणचं, आवाज माझा. पगार नाही, मार्क नाहीत. मी एका पायावर तयार झाले.

सर म्हणाले, रेडिओ म्हणायचं नाही, त्याला लायसन लागतं. 'लोकशिक्षण ध्वनिक्षेपण' म्हणा. बाजारानं पहिल्या दिवसापासून रेडिओच म्हटलं.

५ ऑगस्ट

काल एक लिहायचं राहिलं. कर्ण्यावर मी चंद्रावती नाही. कर्ण्यावर मी कुमारी नीलिमा! खाडीपलीकडच्या धाकटी डहाणूच्या भिकू तांडेलाची पोर तिथं कुणीच नाही. आवाज नाकातून थोडा वर चढवते, 'नाय'चं 'नाही' करते, 'हाय'चं 'आहे'. चिमण म्हणतो, तू बोलायला लागलीस की मला बूट घालावेसे वाटतात.

नाव बदललं ते आईसाठी. कॉलेजात घालताना तिनं एकच अट घातली होती. "मास्तरीण हो. पण चारचौघांत तोंड वासून बोललीस असं कानावर आलं, तर त्याच दिवशी मासळीची टोपली डोक्यावर." आमच्या घरात बाबांचा शब्द होडीवर, आईचा जमिनीवर. म्हणजे कळलं की माइक गेला. कॉलेजही गेलं म्हणा. पण मला खरं सांगू? आधी माइकच आठवतो.

१२ ऑगस्ट

गाण्यांच्या तबकड्या तीन. एकीला तडा. दुसरीवर ग्रामोद्योगावर भाषण. तिसरीवर भजन, आणि ते तिसऱ्या ओळीला अडकतं. आज बाजारानं अकरा वेळा एकच ओळ ऐकली. शेवटी खालून कुणीतरी ओरडलं — "देव आला, आता पुढं जा!"

१९ ऑगस्ट

आज एक माणूस सापडला!

पाऊस थांबला होता, म्हणून मी आणि चिमण किनाऱ्याच्या वाटेनं आलो. सुरूच्या झाडांत एक पाटलोणवाला समुद्राकडे तोंड करून ट्रंपेट वाजवत उभा. लग्नाच्या बँडमध्ये असतो तो, सालू मास्तर. गोव्याचा. पंधरा वर्षं मुंबईच्या हॉटेलांत वाजवलं. मग दारूबंदी आली. "बाटली गेली, गिऱ्हाईक गेलं, गिऱ्हाइकामागून मी," म्हणाला. छातीही धरली होती. डॉक्टर म्हणाले समुद्राची हवा घ्या. म्हणून डहाणू. इराण्याच्या चिकूवाडीत एक खोली.

मी विचारलं, हे काय वाजवता? म्हणाला, जाझ. म्हणजे काय? त्यानं एक साधी चाल वाजवली, सरळ. मग तीच परत सुरू केली — आणि जी काय भटकली ती! वर गेली, खाली आली, लंगडली, हसली, आता सापडतच नाही असं वाटलं आणि बरोब्बर जिथून निघाली तिथं येऊन उभी.

"बाय, घरून निघायचा. पायजे तिथं जायचा. पण घरी परत यायचा. घर इसरला तर तो जाझ नाय, तो हरवला."

मी तिथंच सांगून टाकलं — उद्या पाच वाजता कॉलेजात या. सरांना विचारलं नाही.

२० ऑगस्ट

हसून हसून पोट दुखतंय, लिहू कशी.

मास्तरनं पहिला सूर लावला आणि बाजार उठला. ट्रंपेट म्हणजे वरात! पण चातुर्मासात कुणाची वरात? बायका ओट्यावर आल्या. एक म्हातारी निरांजनाचं ताट घेऊन रस्त्यात उभी राहिली, नवऱ्याला ओवाळायला. दोन पोरं घोडा बघायला स्टेशनपर्यंत पळाली. मी माइकवर नीलिमाच्या आवाजात सांगितलं, "श्रोतेहो, ही वरात नाही. हा जाझ आहे." खालून प्रश्न — "नवरी कुठल्या गावची?"

मोठे सर धापा टाकत वर. "कुणाचं लग्न आहे?"

"कुणाचं नाही, सर. संगीत आहे."

"यातून लोकशिक्षण काय?"

तोंडात आलं ते बोलले — "ऐकून घ्यायची सवय, सर." सरांनी खिशातून वही काढून ते लिहून घेतलं. गुरुवार मिळाला! दर गुरुवारी जाझ!

मास्तर जिन्यात बसून डोळे पुसत होता. सात वर्षांत पहिल्यांदा आपल्या मनानं वाजवलं म्हणाला. मी त्याला शेंगदाणे दिले.

२९ ऑगस्ट

नारळी पौर्णिमा. बाबांची होडी उद्या निघणार. आज घरात नारळीभात. जादा तास नाही, जीव कासावीस.

८ सप्टेंबर

पार्टी जमली! बँडमधला रघ्या क्लॅरिनेट घेऊन आला. लग्नात त्याला तेच तेच वाजवून कंटाळा आला होता, आता त्याचं तोंड बंद होत नाही. आणि आमच्या गावचा मोरू — होडी किनाऱ्याला असली की रॉकेलचे तीन डबे उलटे ठेवून ठेका धरतो. मोरूला मी शपथ घातली आहे, गावात नीलिमाचं नाव काढायचं नाही. तो म्हणाला, बांगडे खाऊ घाल. घातले.

मी माइकवर जाहीर केलं, 'डहाणू जाझ पार्टी'. मास्तरला ते नाव इतकं आवडलं की त्यानं डब्यावर रंगवून घेतलं. आता रविवारी इराणी हॉटेलाच्या ओट्यावर वाजवायला बोलावतो. गुरुवारी आम्ही कर्ण्यावर सांगतो, रविवारी माणसं जमतात. एक पारशी बाई मुलाच्या नवजोतीला, म्हणजे त्यांच्या मुंजीला, पार्टी ठरवून गेली. आम्ही दोन पोरं, एक बॅटरी, आणि डहाणूत जाझ! कुणाला सांगितलं तर खरं वाटणार नाही, म्हणून या वहीला सांगते.

बॅटरीचंच काय ते दुखणं. दर चार दिवसांनी चिमण ती सायकलवर बांधून भाताच्या गिरणीत नेतो भरायला.

१५ सप्टेंबर

आईनं आज माझा जीव घेतला. पंधरा वर्षं बाजारातल्या पिंपळाखाली बसून मासळी विकते. थंड सावली, ठरलेली गिऱ्हाइकं. आज पाच वाजता गच्चीवरून बघते तर बाई टोपली घेऊन कॉलेजच्या कुंपणापाशी. भर उन्हात. आमच्या कर्ण्याच्या अगदी खाली! मी अर्धा तास नाक इतकं वर चढवून बोलले की चिमणनं विचारलं, सर्दी झाली का.

खाडी ओलांडायच्या तरीतून घरी येताना विचारलं, का गो आये, जागा का सोडलीस? "तिथं माशा फार." मासळीवर माशा नसतील तर काय मोर बसतील?

मग म्हणाली, "ती रेडिओवरची बाई कोण गो?" म्हटलं, मुंबईची असेल. "असेल," म्हणाली.

वाचले! आई भोळी आहे बिचारी.

१६ सप्टेंबर

बाबा आईला हसतात. म्हणतात, हिचं डोकं उन्हानं फिरलंय, का फिरलंय म्हणून उन्हात बसते.

२५ सप्टेंबर

आई आता रोज जेवताना रेडिओबाईवर टीका करते. "फार घाईत बोलते. जाळं बुडायच्या आत ओढलं तर हाताला काय लागणार?" मला राग आला. पण आज हळू बोलून बघितलं. चिमण म्हणाला, आज तुझं सगळं कळलं. मेली टीका बरोबर होती!

९ ऑक्टोबर

वाईट बातमी. सातपाटीहून मागणी आली. मुलगा चंदर, घरची इंजिनाची होडी, माणसं बरी. मुलाची आत्या घरात पाऊल टाकल्यापासून एकच बोलत होती — पोरगी हळू आवाजाची हवी, आमच्यात सुनेचा आवाज भिंतीबाहेर जात नाही. मी पाणी दिलं आणि खाली बघून बसले. आत्या खूश. "गरीब हाय पोर." पलीकडे मोरू खोकत खोकत बाहेर गेला, हसू आवरेना त्याला.

माघात लग्न म्हणतात. परीक्षा चैत्रात. परीक्षेचं एक वेळ जाऊ दे. पण सातपाटीत भिंतीच्या आत बसून मी काय करू? आई म्हणाली, "बघू." आईचं 'बघू' म्हणजे नव्वद टक्के हो असतं. रडले थोडी. मग उठून उद्याच्या बातम्या लिहिल्या.

१३ ऑक्टोबर

घसा बसला. रडून नव्हे, गुरुवारी ओरडून. आई म्हणे, "रेडिओबाईचा घसा बसलाय आज." मी घास गिळायची थांबले. तेवढ्यात तिनं माझ्या ताटाशी ज्येष्ठमध ठेवलं. "तुझा पण बसलेला दिसतो. साथ हाय." कसली साथ नि कसलं काय! पण लागू पडलं.

२० ऑक्टोबर

चिमण आज एकदम चार वाक्यं बोलला. नोंद करून ठेवते.

मास्तर सांगत होता, कागद बघून वाजवतो तो कारकून, जाझवाल्याला कागद लागत नाही. चिमण म्हणाला, "मग माझ्या काकाला पण लागत नाही." त्याचा काका लडक्या तारपा वाजवतो. भोपळ्याचं, बांबूचं ते लांब वाद्य. एकदा तोंडाला लावलं की श्वासाला थांबत नाही. मास्तर हसला — श्वास सगळ्यांना लागतो बाबा. चिमण म्हणाला, "लागतो. पण तो गालात ठेवतो."

मास्तरला रात्रभर झोप लागणार नाही आता. मला म्हणाला, उद्या आण त्याला. चिमण म्हणाला, उद्या नाही. नवं भात घरात येऊन देवाला दाखवल्याशिवाय तारपा खाली काढत नाहीत. पंधरा वर्षं हॉटेलांत वाजवलेला माणूस मुकाट्यानं म्हणाला, "बरा. भात पिकू दे."

१७ नोव्हेंबर

भात पिकलं! लडक्याकाका आज सायवनहून कासा, कासाहून एसटीनं डहाणूला आला. तारपा मांडीवर आडवा. कंडक्टरनं विचारलं हे सामान का माणूस, तर काका म्हणे, "माझ्याहून जुना हाय, त्यालाच विचार."

मास्तरनं विचारलं, कुठली पट्टी? काकानं उत्तर न देता तोंडाला लावला. सगळी खोली घुमायला लागली. मास्तर घड्याळ हातात धरून श्वास पकडायला बसला. दहा मिनिटं. पकडता आला नाही. मग घड्याळ ठेवलं, ट्रंपेट उचललं आणि त्या घुमण्यावर हळूच पाय टाकला. काकाचे डोळे मिटलेले होते, एक भुवई तेवढी वर गेली. रघ्या शिरला, मोरूचे डबे आले. मी माइकपाशी नुसती उभी. मला नाचावंसं वाटत होतं आणि रडावंसं वाटत होतं आणि भूकही लागली होती.

गुरुवारी सत्तावीस तारखेला बाजाराचा दिवस. त्या दिवशी कर्ण्यावर!

२६ नोव्हेंबर

सातपाटीची आत्या निरोप पाठवते — तारीख कळवा. आई म्हणाली, येत्या आठवड्यात मीच येऊन सांगते. मी उद्याशिवाय कशाचाही विचार करणार नाही. ठरलं म्हणजे ठरलं.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

सगळं क्रमानं लिहिते.

पाचला सुरू केलं. "श्रोतेहो, आज आपल्यासमोर डहाणू जाझ पार्टी, आणि पाहुणे, सायवनचे श्रीयुत लडक्या." तारपा सुरू. मास्तर त्याच्यावर. अर्धा तास स्वर्ग.

आमची खोली कॉलेजच्या मागच्या अंगाला, बाजाराकडे खिडकी नाही. साडेपाच झाले. मी काकाला हातानं खूण केली, पुरे. काकानं मान हलवली — नाही. परत खूण. परत नाही. एका हातानं भिंतीकडे बोट दाखवलं. कान दिला तर बाहेरून पायांचा आवाज, एका ठेक्यात. जमीन हलत होती. गच्चीवर पळत जाऊन बघते तर बाजारात फेर! डोंगरातून बाजाराला आलेली सगळी माणसं, बायका-पुरुष, कमरेला हात घालून, मधे मोकळी जागा सोडून. भाजीवाले गुंडाळून बसलेले. फेर आणखी मोठा होतोय.

खाली आले. चिमण शांत. म्हणाला, "नाचणारे थांबल्याशिवाय तारपा थांबत नाही."

"मग नाचणारे कधी थांबणार?"

"तारपा थांबल्यावर."

मी म्हटलं, माझी थट्टा करू नकोस. तर म्हणतो, एरवी तारपावाला फेराच्या मधे असतो. पुढच्या गड्याशी नजरानजर होते आणि दोघं मिळून थांबतात. एकट्यानं थांबणं म्हणजे समोरच्याचा अपमान. "आता नजर पोचत नाही."

"हे आधी सांगायला काय झालं होतं?"

"आधी मधे भिंत कधी नव्हती."

पावणेसहा. सहा. मास्तरला शुद्ध नाही, सात वर्षांचं साठलेलं सगळं बाहेर काढतोय. आणि मला आठवलं — तर! आज पाणी लवकर उतरतंय. तरीवाला काळ्या साडेसहाला शेवटची तर सोडणार, मग खाडीत नुसता चिखल. मी रात्रभर अलीकडे राहिले तर आईला काय सांगू? जादा तास?

सव्वासहाला माझं डोकं गेलं. माइक ओढला आणि ओरडले —

"ए काळ्या! तर सोडू नको रे! दम धर! मी भिकू तांडेलाची चंद्रा, हय रेडिओत अडकली हाय!"

सगळं नाव. बापाच्या नावासकट. नाकातून नव्हे, बेंबीच्या देठापासून. कर्ण्यातून बाजारावर, बाजारावरून खाडीवर. मास्तरचा सूर सटकला. मोरूनं डब्यावर डोकं टेकलं. लडक्याकाका तेवढा वाजवतच होता.

मग चिमणनं जे करायचं ते केलं. काकाला खांद्याला धरून उठवलं आणि वाजवत वाजवतच जिना उतरवला, दारातून बाहेर, बाजारात. फेरानं वाट दिली. काका मधे जाऊन उभा राहिला, पुढच्या गड्याकडे बघितलं. एकदम थांबलं सगळं. तारपा आणि पाय दोन्ही. कोण आधी, ते मला आत्ताही सांगता येणार नाही.

आणि फेरात कोण? मोठे सर! दोन बायकांच्या मधे, टोपी गायब, घामानं ओलेचिंब. बघायला म्हणून गेले आणि कुणीतरी हात धरला. पाऊण तास!

मी धक्क्याकडे पळाले. काळ्यानं तर धरून ठेवली होती. सगळे दात बाहेर. "या नीलिमाबाई, बसा." तरीतली पंधरा तोंडं माझ्याकडे. आणि पुढच्या फळीवर रिकामी टोपली मांडीवर घेऊन आई.

माझ्याकडे बघून म्हणाली, "लांबला आज जादा तास."

एवढंच. घरी येईपर्यंत एक शब्द नाही. जेवताना नाही. आत्ता ती पलीकडे झोपली आहे.

२८ नोव्हेंबर

मोठे सर लंगडतात. कालचं कुणी काढलं नाही. रजिस्टरात त्यांनी लिहिलं — 'कार्यक्रम लोकशिक्षणाच्या दृष्टीने दीर्घ झाला. श्रोत्यांचा सहभाग समाधानकारक.' त्यांची टोपी चिमणनं वांग्याच्या पाटीतून शोधून आणली.

मास्तरला आज पाच ठिकाणची बोलावणी. आणि काकाला मास्तर आपला पहिला गुरू म्हणतो, काकाला ते मुळीच आवडलेलं नाही.

सगळे आनंदात. आई मात्र अजून गप्प. शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

३० नोव्हेंबर

आई पहाटेच्या गाडीनं सातपाटीला गेली. नवं लुगडं नेसून. तारीख ठरवायला, दुसरं काय. मी विचारलंही नाही.

१ डिसेंबर

सातपाटीचं मोडलं. बाबांनी सांगितलं. का ते त्यांनाही माहीत नाही, म्हणाले तुझ्या आईला विचार. आईला विचारायची छाती कुणाची?

पण मला कळतं. कर्ण्यावर बापाच्या नावासकट ओरडणारी पोरगी — तारापूरला काय, सातपाटीपर्यंत गेलं असेल ते. आत्यानं आईला दारात उभं करून ऐकवलं असेल. नवं लुगडं नेसून गेलेल्या माझ्या आईला! लग्न मोडलं म्हणून आनंद व्हायला हवा होता. झालाही, खोटं कशाला लिहू. पण मग तिचं तोंड डोळ्यासमोर आलं आणि आनंदाची लाज वाटली.

२ डिसेंबर

ठरवलं. माइक सोडते. चिमणला सांगितलं. तो यंत्राचे स्क्रू आवळत राहिला. मग म्हणाला, "मग बॅटरी भरून आणायची का नाही?"

३ डिसेंबर

आज शेवटचा कार्यक्रम. नीलिमाच्या आवाजात कशाला? ती तर मेलीच! माझ्याच आवाजात बोलले. मास्तरनं साधी चाल वाजवली, कुठंही न भटकता. गच्चीवरून बघितलं. आई कुंपणापाशी, उन्हात, मासळी ओल्या फडक्यानं झाकत होती.

तरीत आईला सांगितलं, उद्यापासून जादा तास नाही.

"का? मास्तर आजारी हाय?"

"नाय. बंद झाला."



४ डिसेंबर

राहवलं नाही, विचारलंच. आई ओट्यावर सुकट निवडत होती. "आये, सातपाटीची माणसं लय बोलली का गो तुला? माझ्यापायी?"

"ती कशाला बोलतील? ती हो म्हणत होती. मीच नाय म्हटलं."

"का?"

सुकटीतला खडा काढून लांब टाकला. वर बघितलं नाही.

"सातपाटीला आपला कर्णा ऐकू येत नाय."